गोकुळाचे दोन गंज

खरं तर इस्तारीला मीटिंगमधून लवकर उठायचं होतं. तो तलावात जाळं टाकून आला होता आणि हेमराजचं भाषण काही संपत नव्हतं. हेमराज म्हणजे गावच्या मंडई समितीचा अध्यक्ष. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, पाव्हणेरावळे जमतात, रात्री नाटक होतं. पण नाटक कंपनी येईपर्यंत दिवसभर या पाव्हण्यांचं करायचं काय, हा प्रश्न हेमराजला दरवर्षी छळायचा. यंदा त्यानं उत्तर शोधून काढलं होतं. तिखट खाण्याची स्पर्धा. लाल मिरचीचा ठेचा, चमच्यानं, एकामागून एक, आणि पाणी अजिबात नाही. शेवटपर्यंत टिकेल तो 'तिखटसम्राट', आणि त्याचा फोटो वर्षभर बसस्टॉपवर.

"कोन कोन नाव देते?" हेमराजनं विचारलं.

कोणी बोलेना. जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. असं अर्धा तास चाललं असतं, आणि तिकडे जाळ्यातल्या मासोळ्या दुसऱ्याच कोणाच्या घरी शिजल्या असत्या. इस्तारी पायानं चप्पल शोधत म्हणाला, "लिव्ह माहं नाव. आन् उठा आता."

एवढंच. घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं तेव्हा गोकुळा मासोळी साफ करत होती. तिचा हात थांबला.

"कशात नाव देल्लं म्हन्ता?"

"तिखट खायाच्या. त्यात का हाय, आपून तं रोजच खातो."

गोकुळानं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग चुलीवरच्या दोन गंजांकडे पाहिलं.

आता या दोन गंजांची, म्हणजे पातेल्यांची, काय भानगड आहे ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा तिचा वैताग कोणाला कळायचा नाही.

लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोकुळानं मासोळीचा रस्सा केला, तिच्या माहेरी करत तसाच. इस्तारीनं चार घास खाल्ले आणि दिवस मावळेपर्यंत उचक्या देत बसला. सासू बुधरीनं सुनेला परसात नेलं. "माह्या पोराले तिखट सोसत नाई," ती हळूच म्हणाली, "लहानपनापासून. पन त्याले हे ठाव नाई, आन् तू बी सांगू नोको. मरद मानूस हाय, जिवाले लावून घेईल." बुधरीनं मुलाला वाढवलं होतं ते मिरचीच्या बिया काढून, सालं भिजवून, पाणी फेकून. तो सगळा उपद्व्याप आता गोकुळाच्या अंगावर आला. पुढं ती गावातल्या बायांसोबत दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जाऊ लागली, आणि तिथं तिला चपाटा मिरची भेटली. टमाटरासारखी गोल, रंगानं लालभडक, आणि तिखटाच्या नावानं शून्य म्हटलं तरी चालेल. तिकडचे लोक ती रंगासाठी वापरतात. गोकुळाला ती पाहून देव भेटल्याचा आनंद झाला. तेव्हापासून मजुरी म्हणून मिळालेली मिरची घरी यायची ती दोन वाटण्या होऊन. एक पोतं तेजा, लवंगीलाही मागं टाकणारी, सगळ्या घरासाठी. आणि एक लहानशी थैली चपाटा, एकट्या इस्तारीसाठी.

चुलीवर रोज दोन गंज. थोरल्यात तेजा घातलेला रस्सा गोकुळाला, मुलगी डिंपलला आणि आल्यागेल्याला. धाकट्यात चपाटा. रंगानं धाकटाच जास्त भयंकर दिसायचा. इस्तारी बोटं चाटून खायचा आणि म्हणायचा, "असं जहर पचवाले जीभ पाह्यजे, गोकुळे." (अशा वेळी डिंपलला हमखास ठसका लागायचा, आणि तो तिखटाचा नसायचा.) लग्नाच्या पंगतीत हा गडी भात आणि बुंदी खाऊन उठायचा. "घरच्यासारखं तिखट नाई, मजा येत नाई," असं वर सांगायचा. लोक म्हणत, बायकोच्या हातच्या चवीचा केवढा भक्त. गोकुळा ऐकून घ्यायची. बावीस वर्षं तिनं ऐकून घेतलं.

हे सगळं निभावलं, कारण ते घरातल्या घरात होतं. आता या माणसानं ते उचलून मंडईच्या मंडपात नेऊन ठेवलं होतं. त्यात मंडईला तिचं माहेर येणार. तिचा भाऊ पवन गोंडपिपरीकडून खास स्पर्धेसाठी येतोय, असा फोनच आला. पवन म्हणजे हिरवी मिरची काकडीसारखी कचाकचा खाणारा. आपल्या नवऱ्याचं सगळ्या गावापुढं, आणि वर आपल्याच भावापुढं हसं होणार, या विचारानं तिला जेवण गोड लागेना.

"तुमाले पित्ताचा तरास होते," तिनं दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. "नाव काढून घ्या."

"मले? कधी झाला?"

खरंच कधी झाला नव्हता. तिनंच होऊ दिला नव्हता.

मग तिनं खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. इस्तारी अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. ती जवळ जाऊन बसली. "एक गोष्ट सांगाची होती," ती म्हणाली. इस्तारीनं मान वर केली तर त्याचे डोळे भरलेले. "माय म्हने, माह्या इस्तारीची जीभ लोखंडाची हाय. आज ती पाह्यजे होती वं पाहाले." गोकुळा उठली आणि धाकट्या गंजात चपाटा टाकायला गेली. कसलं खरं आणि कसलं काय.

इकडे इस्तारीची तयारी जोरात सुरू झाली. मोबाईलवर त्यानं कुठल्या कुठल्या देशांतल्या मिरची खाणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. ते काय बोलतात हे त्याला कळत नव्हतं, पण जीभ बाहेर काढतात एवढं कळलं. मग हा रोज सकाळी तलावाच्या पाळीवर उभा राहून जिभेला ऊन दाखवू लागला. धुणं धुवायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून परत जाऊ लागल्या. जेवताना त्यानं पाणी सोडलं. "दुप्पट तिखट कर," त्यानं हुकूम सोडला. गोकुळानं चपाटा दुप्पट केली. रस्सा इतका लाल झाला की तिलाच पाहवेना. इस्तारीनं तो ओरपला, कपाळावर हात फिरवला आणि कोरडा हात सगळ्यांना दाखवला.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण त्याला आता प्रेक्षक हवे झाले. एके दिवशी तो शेजारच्या मुखरूभाऊला हात धरून जेवायलाच घेऊन आला. मुखरूभाऊ बसला आणि इस्तारीच्या ताटातला तो लाल रस्सा पाहून म्हणाला, "चाखून पाहू का एक घास?"

"पाह्य ना, पाह्य," इस्तारी म्हणाला आणि ताट पुढं सरकवलं.

मुखरूभाऊचा हात ताटापर्यंत जायच्या आत गोकुळानं ते ओढून घेतलं. "उष्ट्यातलं कायले देता पाव्हन्याले? भाऊ, तुमाले वेगळं वाढतो," असं म्हणत तिनं थोरल्या गंजातला रस्सा वाटीत घातला, आणि आपल्या हातून काही राहू नये म्हणून वर चिमूटभर तेजाची पूड भुरभुरली. मुखरूभाऊनं घास घेतला. त्याचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. तो उठला आणि परसातल्या रांजणात त्यानं डोकं घातलं. बऱ्याच वेळानं वर येऊन म्हणाला, "इस्तारी, तू मानूस हायेस का काय हायेस बे?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. हेमराज तालुक्याला, मूलला जाऊन फ्लेक्स छापून आला. स्पर्धकांचे सहा फोटो, त्यातला इस्तारीचा सगळ्यांत मोठा, जीभ बाहेर काढलेला. तो फ्लेक्स आजूबाजूच्या सगळ्या गावांत लागला. आता नाव काढून घ्यायचा रस्ताच बंद झाला, आणि तो बंद करणारी चिमूट आपल्याच हातची, हे गोकुळाला चांगलं कळत होतं. तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं त्या दिवशी सगळी भांडी दोनदा घासली.

मग तिला एक युक्ती सुचली. मिरची त्याच्या अंगवळणी पाडायची. त्याला न सांगता धाकट्या गंजात रोज थोडी थोडी तेजा घालत जायची, म्हणजे स्पर्धेपर्यंत निदान दोन चमचे तरी पोटात जातील. नवऱ्याची खरी तयारी आता तिनं हातात घेतली.

पहिल्या दिवशी तिनं नखाएवढी पूड टाकली. इस्तारीला दरदरून घाम फुटला. "उकाडा लय वाढला," तो म्हणाला. (अंगावर स्वेटर घालायचे दिवस होते.) दुसऱ्या दिवशी नाक वाहू लागलं, डोळे लाल झाले, कानात आवाज यायला लागला. तो ताटावरून उठून घोंगडीत शिरला. "गोकुळे, ताप हाय मले. घाम येते, डोकं दुखते, अंगात आग आग होऊन राह्यली. मलेरिया हाय हा."

आमच्याकडे असा घाम फुटला की माणूस दुसरं काही मनात आणतच नाही. तो डिंपलला ओरडून म्हणाला, आशाताईला बोलाव. गावची आशा कार्यकर्ती रुखमा आली. तिनं बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, आणि गावात आधीच दोघांना ताप येऊन गेल्यामुळे ती तशीच सावध होती म्हणून सगळ्या गल्लीचंच रक्त घेतलं. मग घरोघरचे रांजण, मडकी, टाक्या उपड्या करायला लावल्या. मंडई तोंडावर आलेली, पाव्हण्यांसाठी बायांनी पाणी भरून ठेवलेलं. ते सगळं नालीत गेलं.

"तुह्या नवऱ्यामुळे आमी पुन्हा हातपंपावर," मुखरूभाऊची बायको चंदा गोकुळाला म्हणाली.

"तपासनी झालेली बरी असते," गोकुळा म्हणाली, आणि तिचं तिलाच पटलं नाही.

रक्तात काही निघालं नाही. निघणार कुठून? गोकुळानं तेजा बंद केली, इस्तारीचा ताप एका जेवणात उतरला, आणि मलेरियालाही आपण पचवलं असं तो चार लोकांत सांगू लागला. रुखमानं जाताना फक्त एकदा धाकट्या गंजाकडे आणि एकदा गोकुळाकडे पाहिलं. गोकुळानं झाकण लावलं.

आता तिच्याकडे काही उपाय उरला नव्हता. ती हातपाय गाळून बसली होती, तेवढ्यात हेमराज दारात आला. "वहिनी, स्पर्धेचा ठेचा तुमीच करून द्या. मुखरूभाऊनं सांगतलं, तुमच्यासारखी मिरची पंचक्रोशीत नाई. समितीनं ठरवलं हाय."

गोकुळाचा जीव भांड्यात पडला. तिनं हेमराजला बसवून चहा पाजला, वर चिवडा दिला. तो गेल्यावर धाकट्या गंजापुरती मूठभर ठेवून थैलीतली बाकी सगळी चपाटा काढून तिनं पाट्यावर वाटली. लसूण घातला, मीठ घातलं, तेल सोडलं. रंग असा आला की पाहणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावं. खाणाऱ्याच्या येणार नव्हतं, तेच तर हवं होतं. सगळेच टिकले की कोणी हरायचा प्रश्न नाही, नवऱ्याची अब्रू राहील, आणि हेमराज सहाही जणांना नारळ देऊन मोकळा होईल. मंडईच्या दिवशी सकाळी घरच्या पाव्हण्यांसाठी तिनं तेजाचा ठेचा वेगळा वाटला, तो बरणीत भरून फळीवर ठेवला, आणि बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटलं.

मंडप खचाखच भरला. स्टेजवर सहा जण, पुढं सहा ताटल्या, हेमराज माइकवर. पहिला चमचा झाला. दुसरा झाला. कोणाचं काही हललं नाही. पाचव्या चमच्याला एकानं सोबत भाकर मागितली. सातव्याला पवननं ताटली चाटून पुसली आणि स्टेजवरून खाली ओरडून विचारलं, "बाई, चटनी मस्त झाली वं. गूळ टाकला का?"

लोक हसले. इस्तारी मात्र रंगात आला होता. त्यानं हेमराजच्या हातातला माइक घेतला. "घाबरू नोका," त्यानं बाकीच्या पाच जणांना सल्ला दिला. "जीभ सैल सोडा. मी तं हे रोजच खातो."

दहाव्या चमच्यानंतर लोक उठायला लागले. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं स्टेजवर हात घालून बोटभर ठेचा चाखला आणि मागच्यांना सांगितलं की हा तर माझ्या नातवालाही चालेल. मागच्यांनी आणखी मागं सांगितलं. शेवटी हेमराजनं माइक परत घेतला. "मंडळी, बसून घ्या," तो म्हणाला. "गोकुळाबाईची मिरची औंदा फिक्की निंगाली. समिती दिलगीर हाय."

गोकुळा बायांच्या घोळक्यात बसली होती. तिच्यासोबत तेलंगणात राबलेल्या बाया तिच्याकडे वळून पाहू लागल्या. परमुलखात उन्हात उभं राहून, हाताची आग आग होत असताना, डोळे न चोळता तोडून आणलेली मिरची, आणि हा माणूस ती फिक्की म्हणतो, तेही माइकवरून. नवऱ्याच्या अब्रूसाठी ती बावीस वर्षं दोन गंज घासत आली होती, पण यात स्वतःची अब्रू गेलेली तिला चालणार नव्हती. ती उठली आणि तरातरा घराकडे निघाली.

ठेच्याची बरणी घेऊन परत येताना हातपंपाजवळ ती एकदा थांबली. आपण काय करतोय हे तिला कळलं होतं. ती वळलीही असती, पण तेवढ्यात लाउडस्पीकरवरून हेमराज पुन्हा दिलगीर झाला.

तिनं बरणी स्टेजवर आदळली. "हे घ्या," ती म्हणाली. "आता सांगा कोनाची मिरची फिक्की हाय तं."

यादीत पहिला म्हणून चमचा इस्तारीपुढं आला. त्याला पाहून गोकुळाचा राग एकदम ओसरला. "तुमी नोका खाऊ," ती खालून म्हणाली. "अवो, आयका ना माहं." पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. इस्तारीनं तिच्याकडे अभिमानानं पाहिलं, चमचा चांगला शिगोशीग भरला आणि तोंडात रिता केला.

आधी तो हसला. मग हसू तसंच राहिलं आणि बाकीचा चेहरा बदलत गेला. त्यानं गिळलं (एवढं मात्र कबूल करायला हवं, थुंकला नाही). एक हात वर केला, काही सांगायचं आहे असा, पण आवाज निघाला नाही. मग त्यानं स्टेजवरून उडी मारली ती थेट गोळेवाल्याच्या गाडीवर. बर्फाच्या लादीला मिठी मारून त्यानं जीभ तिच्यावर टेकवली आणि डोळे मिटले. पोरांनी मोबाईल काढले. वर त्याचाच फ्लेक्स होता, आणि त्यातही जीभ बाहेरच होती.

पवननं चार चमचे खाल्ले, रडत रडत का होईना, आणि तिखटसम्राट झाला. "गोकुळाबाईच्या मिरचीले तोड नाई," असं हेमराजनं माइकवरून तीनदा सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आपल्यासाठी किती आणि गोळ्याच्या गाडीकडे पाहून किती, हे गोकुळाला ठरवता येईना. तिला रडूच आलं.

संध्याकाळी पाव्हणे दुकानं पाहायला गेले तेव्हा इस्तारी ओट्यावर गुळाचा खडा चघळत बसला होता. गोकुळा शेजारी बसली. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगितलं. बुधरीचं बोलणं, चपाटा, दोन गंज, मलेरिया, सगळं. इस्तारी ऐकत राहिला.

"म्हंजे बावीस वर्स मी फिक्कं खाल्लं?"

"माह्यं चुकलं," ती म्हणाली. "तुमाले वाईट वाटू नये म्हनून..."

"म्हंजे मी हारलो ते तुह्यामुळे," इस्तारी म्हणाला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "सराव असता तं त्या पवनची का हिंमत होती? माह्या जिभेत खोट नाईच. मले चारलंच नाई कोनी." तो उठला आणि त्यानं चप्पल घातली.

"कुठी चालले?"

"लोकाइले सांगाले."

"अवो, बावीस वर्स म्या कोनाले कळू देल्लं नाई. घरातली गोष्ट हाय. बसा."

तो बसला नाही. थोड्या वेळानं नाटकाच्या मंडपातून लाउडस्पीकर खरखरला. आधी हेमराजचा "टेस्टिंग, टेस्टिंग" ऐकू आला, आणि मागोमाग इस्तारीचा आवाज साऱ्या गावावरून, तलावावरून, पलीकडच्या टोल्यावरच्या घरांपर्यंत घुमत गेला. चपाटा मिरची म्हणजे काय, ती कशी ओळखावी, आणि आपल्या बायकोनं ती आपल्याला वर्षानुवर्षं कशी चारली, हे तो सविस्तर सांगत होता. गोकुळानं कपाळावर हात मारून घेतला. अंगणात डिंपलला हसून हसून खाली बसावं लागलं.

इस्तारी परतला तो अगदी खुशीत. "सगळ्याइले पटलं," तो म्हणाला. "लोक म्हनाले, बिचाऱ्याचा काई दोष नाई. आता आपल्या घरी दोन गंज बंद. उद्यापासून मी बी तेजा खाईन. वाढ जेवाले."

गोकुळानं ताट वाढलं. भात, आणि त्यावर लालभडक रस्सा. इस्तारीनं घास कालवला, उचलला, आणि हात अर्ध्यावरच थांबला.

"कोन्या गंजातला हाय?"

"ओळखा."

त्यानं रस्सा हुंगून पाहिला. दिव्याखाली धरून पाहिला. मग ताट तिच्याकडे सरकवलं. "आधी तू खाऊन दाखव."

गोकुळानं घास खाल्ला. तिच्या कपाळावर घाम आला नाही, नाक वाहिलं नाही. पण तिला कोणत्याच गंजातल्यानं कधी घाम येत नसे, त्यामुळे इस्तारीला त्यावरून काहीच कळलं नाही. मग दाराकडे पाहून, कोणी ऐकत नाही अशी खात्री करून, त्यानं हळूच विचारलं, "सादं वरन नाई का वं?"